खेड तालुक्यातून दिल्लीपर्यंत : सर्वोच्च न्यायालयात कोण बसतं, हे मोजायचं कसं?



पेटची तयारी करणाऱ्या आणि सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांची अडचण एकच असते. विषय मिळतो, पण प्रश्न मिळत नाही. ‘न्यायव्यवस्थेतील सामाजिक प्रतिनिधित्व : एक ऐतिहासिक अभ्यास’ हा झाला विषय. तो घेऊन गाईडसमोर बसलात तर पहिल्याच मिनिटाला विचारणा होईल, ‘बरं, पण तुम्हाला नेमकं शोधायचंय काय?’ आज याच विषयावर बोलू. विषयातून प्रश्न कसा निघतो, मोजताना आपण कुठे फसतो आणि इतिहास आपल्याला कुठे थांबवतो, हे बघू.

सुरुवात चाकणपासून करतो, कारण मी याच पट्ट्यातला आहे.

चाकण खेड तालुक्यात येतं. त्याच तालुक्यात कनेरसर नावाचं गाव आहे. यमाईचं देऊळ आणि अलीकडे खेड सेझ यांमुळे ते अनेकांना माहीत असतं. चंद्रचूड घराण्याचा वाडा याच गावात. या घराण्यातले यशवंत विष्णु चंद्रचूड २२ फेब्रुवारी १९७८ ते ११ जुलै १९८५ या काळात देशाचे सरन्यायाधीश होते. इतका दीर्घ काळ त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसलेलं नाही. पुढे त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड नोव्हेंबर २०२२ ते नोव्हेंबर २०२४ सरन्यायाधीश होते. वडील आणि मुलगा दोघंही सरन्यायाधीश, अशी ही देशातली एकच जोडी.

म्हणजे एका तालुक्याच्या मुळाशी दोन सरन्यायाधीश. आता त्याच तालुक्यात पहाटे सहाच्या शिफ्टला कंपनीच्या गेटवर ठेकेदाराचा गेटपास दाखवून आत जाणारी हजारो माणसं बघा. बीड, लातूर, नांदेड, बिहार, ओडिशा, कुठून कुठून आलेली. त्यांचा तालुकाही आता खेडच. मग ‘खेड तालुक्याला प्रतिनिधित्व मिळालं’ असं म्हणायचं का? इथेच पहिला धडा मिळतो. प्रतिनिधित्व हा शब्द वापरलात की लगेच विचारायचं, कशाचं? प्रदेशाचं, जातीचं, लिंगाचं, धर्माचं, की वर्गाचं? एका मोजपट्टीवर भरलेलं माप दुसरीवर रिकामं निघतं.

वडिलांचा प्रश्न

माझे वडील भोसरीतल्या एका कारखान्यात अकरा वर्षं ठेक्यावर हेल्पर होते. ठेकेदार बदलले, काम तेच राहिलं, पर्मनंट काही झाले नाहीत. आमच्या घरी एका जुन्या वहीत वर्तमानपत्राचं कात्रण होतं. बातमी एअर इंडियाच्या निकालाची.

तो निकाल तुम्ही वाचाच. कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० चा. त्याच्या कलम १० खाली सरकार एखाद्या कामात कंत्राटी पद्धत बंद करू शकत होतं. केंद्र सरकारने डिसेंबर १९७६ मध्ये झाडलोट, साफसफाई, धूळ काढणं आणि इमारतींची राखण या कामांसाठी तशी अधिसूचना काढली होती. प्रश्न असा आला की कंत्राट बंद झालं, तर त्या कामगाराचं पुढे काय? तो मूळ मालकाचा कामगार होतो, की थेट घरी जातो? मुंबईतल्या सफाई कामगारांचं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तीन न्यायाधीशांच्या पीठाने सांगितलं की कंत्राट बंद होताच कामगार आपोआप मूळ मालकाचे कामगार होतात. हा निकाल १९९७ च्या निकालसंग्रहांत छापलेला आहे. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती के. रामस्वामी यांचं. रामस्वामी अनुसूचित जातीतून आलेले न्यायाधीश होते.

पुढे ३० ऑगस्ट २००१ रोजी स्टील ॲथॉरिटीच्या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हा निकाल फिरवला. आपोआप सामावून घेणं कायद्यात बसत नाही, असं ठरलं. कंत्राट नुसतं दिखाऊ आहे असं औद्योगिक न्यायालयात सिद्ध झालं, तरच कामगार मूळ मालकाचा मानला जाईल. चाकण, भोसरी, रांजणगाव, कुठेही ठेक्यावरच्या कामगाराची केस पुढची अनेक वर्षं उभी राहिली ती या २००१ च्या चौकटीत.

मी एमए करत असताना वडिलांनी एकदा साधा प्रश्न टाकला. ‘आपल्यातला माणूस बसला होता म्हणून तो निकाल लागला, आणि नंतर नव्हता म्हणून फिरला, असं आहे का रे?’

माझ्या संशोधनाचा प्रश्न तिथून सुरू झाला. आणि माझं पहिलं उत्तर साफ चुकलं. का चुकलं ते शेवटाकडे सांगतो. आधी इतिहास.

लंडन, मग दिल्ली

आपण १९५० पासून सुरुवात करतो, तीच चूक. त्याआधीही ‘सर्वात वरचं न्यायालय’ होतंच, फक्त ते लंडनमध्ये होतं. प्रिव्ही कौन्सिलची न्यायिक समिती.

खेडचेच शिवराम राजगुरू घ्या. लाहोर कटाचा खटला १९३० मध्ये एका वटहुकमाने खास न्यायाधिकरणापुढे नेला गेला. त्यावर उच्च न्यायालयात अपील नाही, असंही वटहुकमातच लिहिलं होतं. उरला तो फक्त प्रिव्ही कौन्सिलचा दरवाजा. १९३१ च्या सुरुवातीला तोही बंद झाला आणि २३ मार्चला फाशी झाली. त्या काळात मुंबईचे दिनशा मुल्ला त्या न्यायिक समितीचे सदस्य होते, त्यांच्याआधी सय्यद अमीर अली होऊन गेले होते. म्हणजे लंडनच्या त्या न्यायालयात भारतीय चेहरा अजिबात नव्हता, असं लिहिता येत नाही. चेहरा होता. पण कायदा कोणी केला, अपीलाचा हक्क कोणी काढून घेतला, या प्रश्नांना त्या चेहऱ्याने फरक पडला नाही. ही नोंद जपून ठेवा.

१९३७ मध्ये दिल्लीत फेडरल कोर्ट सुरू झालं. न्यायाधीश तीनच. मुख्य न्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, सोबत शाह सुलेमान आणि मुकुंदराव जयकर. एक इंग्रज, एक मुसलमान, एक हिंदू. कायद्यात असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, तरी वाटणी तशी झाली. हेच जयकर पुढे प्रिव्ही कौन्सिलवर गेले आणि त्यानंतर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. ज्या जयकर ग्रंथालयात बसून तुमच्यातले निम्मे जण नेटचा अभ्यास करतात ना, ते नाव यांचंच.

म्हणजे ‘न्यायालयात सगळे घटक दिसायला हवेत’ हा विचार काही गेल्या दहा वर्षांतला नाही. तो अलिखित पद्धत म्हणून आधीपासून होता. फक्त ‘घटक’ कोणते, हे वरून ठरत होतं.

घटनेने काय लिहिलं, काय लिहिलं नाही

२४ मे १९४९. घटना समितीत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर चर्चा. डॉ. आंबेडकरांचं त्या दिवशीचं उत्तर मुळातून वाचा, सारांशावर भागवू नका. त्यांची मांडणी थोडक्यात अशी. नेमणूक फक्त सरकारच्या हातात देणं धोक्याचं, संसदेच्या संमतीवर सोडणं अवघड आणि त्यात राजकारण शिरण्याची भीती, आणि सरन्यायाधीशांची संमती बंधनकारक करणं म्हणजे एका माणसाला नकाराधिकार देणं. सरन्यायाधीश कितीही थोर असले तरी शेवटी माणूसच, माणसाचे गुणदोष त्यांनाही असणार, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणून मधला मार्ग निघाला, सल्लामसलतीचा. तोच कलम १२४ मध्ये आला.

आता काय लिहिलं नाही ते बघा. विधिमंडळात अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आहेत, कलम ३३० आणि ३३२. सरकारी नोकऱ्यांसाठी कलम १६(४) आहे. महाराष्ट्रात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी एमपीएससीतून भरती होते, तिथेही आरक्षण आहे. पण उच्च न्यायालयाच्या कलम २१७ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाच्या कलम १२४ मध्ये असं काही नाही. म्हणजे राजगुरुनगरच्या न्यायालयातल्या न्यायाधीशाच्या भरतीला एक नियम, आणि मुंबई-दिल्लीला दुसरा.

इतर देशांनी हे वेगळं सोडवलं. कॅनडात नऊपैकी तीन न्यायाधीश क्युबेकचे असलेच पाहिजेत, असं कायदाच म्हणतो. दक्षिण आफ्रिकेच्या घटनेत कलम १७४(२) आहे. न्यायाधीश नेमताना न्यायसंस्थेत देशाची वांशिक आणि लिंगनिहाय रचना मोठ्या प्रमाणात दिसली पाहिजे, याचा विचार करावा लागेल असं ते सांगतं. आपल्याकडे ना कॅनडासारखा आकडा, ना आफ्रिकेसारखं तत्त्व. आपल्याकडे संकेत.

संकेतांची कहाणी

२८ जानेवारी १९५० ला सर्वोच्च न्यायालय सुरू झालं तेव्हा मंजूर न्यायाधीश आठ होते. १९५६ मध्ये ११, १९६० मध्ये १४, १९७७ मध्ये १८, १९८६ मध्ये २६, पुढे ३१ आणि २०१९ मध्ये ३४. या वाढत्या खुर्च्यांवर कोण बसलं?

पहिल्या दिवसापासून एक मुस्लीम न्यायाधीश होते, फझल अली. मुंबई, मद्रास, कलकत्ता अशा मोठ्या उच्च न्यायालयांचा वाटाही सांभाळला जाई. पण अनुसूचित जातीतले पहिले न्यायाधीश ए. वरदराजन आले ते डिसेंबर १९८० मध्ये. म्हणजे जवळपास ३१ वर्षांनी. पहिल्या महिला न्यायाधीश फातिमा बीवी आल्या ६ ऑक्टोबर १९८९ ला. जवळपास ४० वर्षांनी.

१९९३ च्या निकालाने नेमणुकीची सूत्रं सरकारकडून न्यायाधीशांकडे आली. कॉलेजियम म्हणतो ते हेच. १९९८ मध्ये त्याचा आकार पक्का झाला, सरन्यायाधीश आणि चार ज्येष्ठ न्यायाधीश. आता गंमत बघा. घटना समितीत ज्या नकाराधिकाराबद्दल सावध केलं होतं, तो एका माणसाच्या ऐवजी पाच जणांच्या हातात आला.

त्याच १९९८ मध्ये राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी नियुक्त्यांच्या फाइलवर शेरा लिहिला. अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांमधल्या पात्र व्यक्तींचा विचार व्हावा, अशा आशयाचा. तो बाहेर आला तेव्हा मोठा वाद झाला. ‘गुणवत्ता हाच निकष’ असं न्यायालयाच्या बाजूने सांगितलं गेलं. रामस्वामी १९९७ मध्ये निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून अनुसूचित जातीतलं कोणी न्यायालयात नव्हतं. के. जी. बालकृष्णन जून २००० मध्ये आले आणि २००७ ते २०१० सरन्यायाधीश राहिले. त्यांच्यानंतर पुन्हा रिकामं. मे २०१० ते मे २०१९, नऊ वर्षं.

मग अमरावतीचे भूषण गवई आले, २४ मे २०१९ ला. १४ मे २०२५ ला ते सरन्यायाधीश झाले, पहिले बौद्ध आणि दुसरे दलित सरन्यायाधीश. जानेवारी २०२४ मध्ये निपाणीत जन्मलेले, औरंगाबादला वकिली केलेले प्रसन्न वराळे आले. गवई, सी. टी. रविकुमार आणि वराळे, असे अनुसूचित जातीतले तीन न्यायाधीश तेव्हा एकाच वेळी न्यायालयात होते.

मधला एक प्रयत्न विसरू नका. २०१४ च्या ९९ व्या घटनादुरुस्तीने न्यायिक नियुक्ती आयोग आणला. त्यात दोन ‘प्रतिष्ठित व्यक्ती’ होत्या आणि त्यांतली एक अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी, अल्पसंख्याक किंवा महिला यांतून घ्यायची, असं लिहिलं होतं. न्यायाधीशांत नाही, पण निवडणाऱ्यांत प्रतिनिधित्व, ही कल्पना आपल्याकडे घटनेच्या पानावर पहिल्यांदाच आली. १६ ऑक्टोबर २०१५ ला चार विरुद्ध एक मतांनी आयोग रद्द झाला. कारण दिलं गेलं न्यायसंस्थेच्या स्वातंत्र्याचं. स्वातंत्र्य आणि प्रतिनिधित्व ही दोन मूल्यं खरंच एकमेकांच्या विरुद्ध आहेत का, यावर एक अख्खा प्रबंध होऊ शकतो. कोणाला हवा असेल तर घ्या.

चाळणी

‘नेमायला माणसंच मिळत नाहीत’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. इतिहासाच्या विद्यार्थ्याने यावर चिडू नये. मिळत का नाहीत, ते तारखा लावून बघावं.

महिलांचं उदाहरण घेऊ. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा देऊन आल्या. पण महिलांना वकिलीची परवानगी देणारा कायदा झाला १९२३ मध्ये. मुंबई उच्च न्यायालयात मिठन टाटा पहिल्या महिला वकील म्हणून उभ्या राहिल्या त्यानंतर. त्याच न्यायालयात पहिल्या महिला न्यायाधीश सुजाता मनोहर आल्या १९७८ मध्ये. न्यायालय स्थापन झालं १८६२ ला, म्हणजे ११६ वर्षांनी. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या १९९४ ला, देशातल्या दुसऱ्या महिला न्यायाधीश म्हणून. त्याही वरच्या घरातून आल्या होत्या, वडील के. टी. देसाई गुजरातचे मुख्य न्यायमूर्ती होते.

या साखळीत प्रत्येक कडीला वर्षं गेली आहेत. वकिलीचा हक्क, मग सीनिअरच्या चेंबरमध्ये जागा, मग उच्च न्यायालय, मग ज्येष्ठता. उच्च न्यायालयात ६२ ला निवृत्ती, सर्वोच्चमध्ये ६५ ला. जो पन्नाशीनंतर उच्च न्यायालयात पोचतो, त्याची ज्येष्ठता जमेपर्यंत वेळ संपलेली असते. गवई आणि मनोहर, दोघांनाही उच्च न्यायालयातून दिल्लीला पोचायला सुमारे १६ वर्षं लागली. म्हणून २०३५ चं सर्वोच्च न्यायालय कसं दिसेल, हे आज उच्च न्यायालयांत कोण नेमलं जातंय यावरून बरंचसं कळतं.

आणि तिथला आकडा काय सांगतो? २०१८ पासून उच्च न्यायालयासाठी शिफारस झालेल्यांकडून सामाजिक पार्श्वभूमीची माहिती घेतली जाते. २०१८ ते डिसेंबर २०२२ या काळात नेमलेल्या ५३७ न्यायाधीशांची माहिती संसदीय समितीपुढे आली. सुमारे ७९ टक्के खुल्या प्रवर्गातले, ओबीसी ११ टक्के, अनुसूचित जाती २.८, अल्पसंख्याक २.६, अनुसूचित जमाती १.३ टक्के. काही जणांची माहितीच उपलब्ध नव्हती.

मोजताना चार खड्डे

आता कामाचं बोलू.

एक. आडनावावरून जात ठरवू नका. २०१८ च्या आधीची अधिकृत नोंद नाही, म्हणून लोक आडनावं बघून तक्ते बनवतात. महाराष्ट्रात तर एकाच आडनावाची माणसं पाच-पाच जातींत सापडतात. व्हायवाला पहिला प्रश्न यावरच येईल. जॉर्ज गॅडबॉइस या अमेरिकन अभ्यासकाने १९८० च्या दशकात न्यायाधीशांना प्रत्यक्ष भेटून माहिती गोळा केली, म्हणून १९५० ते १९८९ च्या न्यायाधीशांवरचं त्याचं पुस्तक आजही आधार मानलं जातं. अभिनव चंद्रचूड यांचं ‘द इन्फॉर्मल कॉन्स्टिट्युशन’ही वाचा, अलिखित निकषांवर आहे. वाचताना लेखक त्याच चंद्रचूड घरातले आहेत हे लक्षात ठेवा. यात दोष नाही, पण साधनाचं स्थान नोंदवणं हे आपलं काम.

दोन. ‘एकही नाही’ हे वाक्य तपासल्याशिवाय उतरवू नका. आदिवासी न्यायाधीश सर्वोच्च न्यायालयात कधी झालाच नाही, असं कित्येक लेखांत सरसकट छापलेलं असतं. पण नागालँडचे एच. के. सेमा २००२ ते २००८ तिथे न्यायाधीश होते, नागा समाजातले. मध्य भारतातल्या किंवा महाराष्ट्रातल्या आदिवासींबद्दल बोलायचं असेल, तर तसं स्पष्ट लिहा. सरसकट लिहिलंत तर एका नावाने अख्खं प्रकरण कोसळतं.

तीन. डोकी मोजू नका, काळ मोजा. २०२१ पर्यंत ११ महिला न्यायाधीश झाल्या, त्यांतल्या तिघींनी एकाच दिवशी शपथ घेतली, ३१ ऑगस्ट २०२१ ला. अकरा हा आकडा बरा दिसतो. पण २००६ मध्ये रुमा पाल निवृत्त झाल्या आणि २०१० पर्यंत एकही महिला न्यायाधीश नव्हती. ज्येष्ठतेचा क्रम पाळला गेला तर २०२७ मध्ये बी. व्ही. नागरत्ना पहिल्या महिला सरन्यायाधीश होतील, जेमतेम ३६ दिवसांसाठी. ‘झाल्या की नाही’ याचं उत्तर हो. ‘किती काळ’ याचं उत्तर वेगळं.

चार. न्यायालय आणि पीठ यांत फरक करा. सगळे न्यायाधीश सगळ्या केसेस ऐकत नाहीत, कोणत्या पीठावर कोण हे सरन्यायाधीश ठरवतात. मंडल आयोगाच्या प्रकरणात, नोव्हेंबर १९९२ मध्ये, नऊ जणांच्या पीठाने निकाल दिला. रामस्वामी तेव्हा न्यायालयात होते, त्या पीठावर नव्हते. महिला न्यायाधीश तर त्या दिवशी न्यायालयातच कोणी नव्हत्या.

माझं पहिलं उत्तर का चुकलं

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येऊ.

मी गृहीत धरलं होतं की २००१ चं पीठ ‘वरच्या’ लोकांचं असणार. पीठाची नावं बघायला मी तीन महिने लावले, कारण बघायची गरजच वाटली नाही. मग एकदा निकालपत्राचं पहिलं पान उघडलं. बी. एन. किरपाल, सय्यद शाह मोहम्मद कादरी, एम. बी. शाह, रुमा पाल, के. जी. बालकृष्णन. निकाल लिहिला कादरी यांनी. पाच जणांत एक महिला, एक अनुसूचित जातीतले न्यायाधीश, एक मुस्लीम. तोवरच्या घटनापीठांत इतकं मिश्र पीठ सहज सापडत नाही. आणि त्यांनी एकमताने रामस्वामींचा निकाल फिरवला.

उलटही बघा. रामस्वामींच्या निकालाशी त्यांच्या पीठावरचे दोन्ही सहकारी सहमत होते. आणि त्याच्या कितीतरी आधी औद्योगिक कामगारांच्या कायद्याचा पाया घालणाऱ्यांत सातारचे गजेंद्रगडकर होते, संस्कृत पंडितांच्या घरातले.

तर मग प्रतिनिधित्वाला काही अर्थ नाही का? आहे. पण ‘आपला माणूस बसला की आपल्या बाजूने निकाल’ हा तो अर्थ नव्हे. ही मागणी तशी मांडलीत तर पहिल्याच उदाहरणाला तोंडघशी पडाल. न्यायाधीशाकडून ती अपेक्षा करणं त्याच्यावरही अन्याय आहे, कारण वरच्या जातीतल्या न्यायाधीशाला कोणी विचारत नाही की तू तुझ्या जातीसाठी काय केलंस.

मला आज अर्थ दिसतो तो असा. मथुरा प्रकरण आठवा. पोलीस चौकीत बलात्कार झालेली देसाईगंजची आदिवासी मुलगी. १९७८ मध्ये तिघा पुरुष न्यायाधीशांनी आरोपी पोलिसांना सोडलं, तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत याला वजन देऊन. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयात महिला न्यायाधीश एकही नव्हती, कधी झालीच नव्हती. पुढच्या वर्षी कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यांत लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या दोन स्त्रिया होत्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. एक महिला पीठावर असती तर निकाल बदललाच असता, हे सिद्ध करता येत नाही. पण ‘खुणा नाहीत म्हणजे संमती’ या गृहीतकाला त्या खोलीत प्रश्न विचारणारं कोणी नव्हतं. तो प्रश्न बाहेरून, वर्षभराने, पत्राने विचारावा लागला. प्रतिनिधित्वाने निकालाची हमी मिळत नाही. खोलीत कोणते प्रश्न विचारले जातील, याची शक्यता बदलते.

दुसरा अर्थ त्याहून साधा आहे. सत्तेची जागा सगळ्यांची असेल, तर तिथे पोचण्याची वाटही सगळ्यांना असायला हवी. यासाठी निकाल चांगले लागतील असं कारण द्यायची गरजच नाही.

तिसरी गोष्ट आपल्या पट्ट्याची. पुणे जिल्ह्यातल्या कामगाराला उच्च न्यायालयासाठी आजही मुंबई गाठावी लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांसाठी, त्यात पुणे नाही. वरच्या न्यायालयांचं काम कलम ३४८ प्रमाणे इंग्रजीत. खाली मराठीत सुरू झालेली केस वर जाता जाता कामगाराच्या हातून भाषेसकट निसटते. हे अंतर कोणत्याही जातीच्या न्यायाधीशाने आपोआप मिटत नाही. तुमच्या मोजपट्टीत याला जागा आहे का, तेही बघा.

तुमच्यासाठी एक काम

कोणताही एक निकाल घ्या, तुमच्या घरावर किंवा गावावर परिणाम केलेला. निकाल वाचण्याआधी एका कागदावर लिहा, पीठावर कोण असेल असं तुम्हाला वाटतं. मग पहिलं पान उघडा आणि नावं पडताळा. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर निकाल फुकट मिळतात, बरेच मराठीत भाषांतर झालेलेही आहेत. कॉलेजियमचे ठराव ऑक्टोबर २०१७ पासून तिथेच आहेत. तुमचा अंदाज आणि ते पान यांत जो फरक निघेल, तिथून सिनॉप्सिसचा पहिला परिच्छेद लिहायला घ्या.

वडिलांना मी पाच नावं वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतलं, थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे आपल्यातला असूनही फिरला. मग त्याला तसं वाटलं का, ते शोध की.’

तेच शोधतोय. पुढच्या वेळी घटनापीठाचं निकालपत्र ओळीने कसं वाचायचं, ते बघू.